ओवाळणीचे मासे

सकाळी फोन वाजला की तो माशांचाच असणार हे सुनंदाला ठाऊक असायचं, आणि हे इतकी वर्षं चाललं होतं की त्या फोनचाही आता तिला कंटाळा आला होता. पलीकडच्या माणसाचं बोलणं ठरलेलं असायचं. बाई, मासे वर आलेत. बाई, मासे तोंड वासतायत. बाई, काल संध्याकाळपर्यंत चांगले होते हो! ती विचारायची, मेलेत की मरतायत? आणि तो हमखास सांगायचा, मेलेत ना, तुमच्यासाठी पिशवीत भरून ठेवलेत.

मेलेल्या माशांचं काय ती लोणचं घालणार होती? उन्हात सडलेल्या माशात तपासण्यासारखं काही उरत नाही. तिला लागायचा अर्धमेला मासा, कल्ले हलणारा. हे तिचं गावोगाव सांगून झालं, चित्रं दाखवून झाली, पण पालथ्या घड्यावर पाणी. लोक प्रेमानं मेलेलेच मासे आणायचे, तेही मिठाईच्या दुकानाच्या पिशवीतून, आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या तिच्या गाळ्याचा जिना चढून वर यायचे. खाली नटबोल्टचा कारखाना, वर सुनंदाची प्रयोगशाळा. पाळलेल्या माशांच्या साथी शोधायच्या आणि थोपवायच्या, हे तिचं काम. शोधायला यंत्रं होती, इरासारखी हुशार मुलगी हाताखाली होती. थोपवायला मात्र सुनंदाची जीभ तेवढी होती, आणि ती बोलून बोलून झिजली होती.

"औषधाच्या कंपनीत होतीस तेव्हा बरं होतं," नवरा चिंतामणी म्हणायचा. तो एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत पेपर घेऊन बसलेला. "तेव्हा तुझ्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा. आता तू आलीस की खालची मांजरं तुला दारापर्यंत सोडायला येतात."

पूर्वी ती यावर हसायची. हल्ली सरळ आंघोळीला जायची.

पण त्या दिवशीचा फोन चिमीचा होता, आणि चिमी कधी माशांसाठी फोन करत नसे.

"बाई," चिमी म्हणाली, "बोटुकली वर आयलीत. खात नायत काय. तुमी येता का?"

"मेलीत?"

"थोरी मेलीत. बाकीची कडेला येऊन नुसती उभी रायलीत." मग जरा थांबून ती म्हणाली, "जित्ती धरून बादलीत ठेवलीत तुमच्यासाठी."

एवढ्या वर्षांत हे असं पहिल्यांदाच कुणी सांगितलं, आणि सुनंदा फोन कानाला धरूनच बर्फाची पेटी शोधायला लागली. नेमकं याच तळ्यावर! बाकी कुठलंही मेलं असतं तरी चाललं असतं, असा दुष्ट विचार तिच्या मनात आला, आणि तो आल्याचं तिला काही फार वाईटही वाटलं नाही.

चिमी कोंडपाड्याची. बदलापूर सोडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला तिचं घर. भाऊबंदांनी शेतांचे प्लॉट पाडून विकले, तेव्हा मेलेल्या नवऱ्याच्या वाट्याचा तुकडा हिनं विकला नाही, त्यात तळं खोदलं. खायचे मासे मात्र वाढवले नाहीत. तिलापियाची, म्हणजे इकडच्या भाषेत चिलापीची, बारीक पिल्लं सुनंदाकडून तपासून आणायची, बोटाएवढी वाढवायची आणि आसपासच्या तळेवाल्यांना द्यायची. त्या पिल्लांना म्हणतात बोटुकली. अख्ख्या पट्ट्यातली तळी चिमीच्या बोटुकल्यांवर चालत. म्हणजे चिमीचं तळं निरोगी तर सगळ्यांना आशा, आणि तिथं रोग शिरला की तो घरोघर पोचलाच म्हणून समजा. म्हणून सुनंदानं हे एक तळं डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. इथलं जाळं बाहेर जायचं नाही, बाहेरचं इथं यायचं नाही, काठावर येणाऱ्यानं पाय ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवूनच यायचं. चिमीनं हे सगळं एका शब्दानं कुरकुर न करता पाळलं. सुनंदाच्या सगळ्या खटपटीत कुणाला दाखवावी अशी ही एकच गोष्ट होती.

आणि चिमीनं त्यासाठी काय मोजलं होतं, तेही सुनंदाला ठाऊक होतं.

गणपती उठल्यावर, ऑक्टोबरचं ऊन तापायच्या सुमारास, वरच्या पाड्यावर चिमीच्या थोरल्या भावाचं, हरिचंद्राचं तळं मेलं. विषाणूच होता. माशांचे डोळे पांढरे, अंगावरची खवलं सोललेली. हरिचंद्र उल्हासनगरच्या बाजारातून कसलं तरी निळं औषध घेऊन आला. दुकानदार म्हणाला होता, साईं, एक बार डालो, मछली नाचेगी. मछली नाचली नाही. पाणी तेवढं निळं झालं आणि त्या निळ्या पाण्यावर पांढरी पोटं तरंगली. या विषाणूवर औषधच नाही हे सुनंदानं त्याला नंतर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मंग तुमी कशाला हाव?" त्याचं काही चुकलं नव्हतं.

आता पाड्यावरची रीत अशी, की कुणाचं तळं मेलं तर भाऊबंद भेटायला जातात, घरातलं माणूस गेल्यासारखे. नुसते बसायला नाही, हात लावायला. सगळे चिखलात उतरतात, मेलेले मासे काढतात, मालकाच्या पाठीवर हात ठेवतात आणि तेच पाय घेऊन आपापल्या तळ्यावर परत जातात. रोगाला आणखी काय हवं? सुनंदा या रीतीपुढं हात टेकून बसली होती. दुःखात जाऊ नका असं कुणाला कसं सांगायचं?

चिमीला मात्र तिनं सांगितलं. चिमी पदर खोचून निघालीच होती.

"नाही जायचं, चिमीताई."

"बाई, माज्या भावाचा तलाव मेला."

"तुमच्या पायांबरोबर इथं येईल. हे गेलं की सगळ्यांचं गेलं."

चिमी ओट्यावर बसली ती उठली नाही. आणि वरच्या पाड्यावर हरिचंद्रानं चारचौघांत म्हटलं, "माजं घर बसलं नि पाठची बहीन आयली नाय." त्यानं बोलणं टाकलं. नवरात्र गेलं, दसऱ्याला सोनं द्यायलाही तो आला नाही. आईबाप गेलेले, नवरा गेलेला, चिमीला माहेर म्हणून उरलेला हा एवढा एक दादूस. तिनं सुनंदाला याबद्दल कधी बोल लावला नाही. भाऊबीजेला मात्र संध्याकाळी फोन आला, आणि आवाजात नुसता आनंद. "बाई, दादूस आयला व्हता! जेवून गेला! मांदेली केलती, दोनदा घेतली!" सुनंदाला हायसं वाटलं. बरं झालं हो, असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्याला आता पंधरवडा उलटला होता.

रिक्षा कोंडपाड्याच्या वळणावर सोडून ती बर्फाची पेटी सांभाळत तळ्यावर पोचली. पाण्याचा वास घेतला. प्राणवायू मोजला, ठीक होता. ठीक नसता तर बरं झालं असतं, पंप लावून काम भागलं असतं. बादलीतली बोटुकली तिनं हातात घेतली. काळवंडलेली, डोळ्यांवर साय धरल्यासारखं काही. तिला काय ते कळलं. तपासणीचा कागद यायचा तेव्हा येईल.

"कोण आलं होतं का तळ्यावर?"

"कोन येतंय?"

"जाळं आपलंच?"

"आपलंच."

"पाणी बोअरवेलचंच ना? खाद्य कुणाकडचं उसनं आणलं होतंत?"

"नाय बाई. समदं तुमी सांगतलं तसंच."

उत्तरं पटापट येत होती, पण चिमी बोलताना पाण्याकडे बघत होती. सुनंदाही मग पाण्याकडे बघायला लागली. चिमीनं सवयीनं मूठभर खाद्य फेकलं. बोटुकली हलली नाहीत. पण मधोमध पाणी खळबळलं आणि एक मासा वर येऊन दाणे गिळून गेला. चांगला तळहाताएवढा मासा. मग दुसरा आला. जाडजूड, चपळ, एकाच्या कुशीवर जुन्या जखमेचा फिकट डाग.

बोटाएवढ्या पिल्लांच्या तळ्यात तळहाताएवढे मासे! सुनंदा बघतच राहिली.

"चिमीताई, हे कुठून आले?"

चिमी खाली बसली. डोक्यावरचा पदर तिनं उगीचच सारखा केला.

"ओवाळला त्याला," ती म्हणाली. "मना वाटलं, ताटात नोट टाकील. तो बोल्ला, चल तलावावर. टेम्पोत टाकी आनलेली, टाकीत हे. बोल्ला, चिमे, माजे समदे मेले, त्यातनं थोरे उरले, त्यातले हे तुना. हे वाघ हायत वाघ! भाताचं बी आपन कुनाचं ठेवतो? रोगात उभ्या रायलेल्या लोंबीचंच ना? तसं हे माशाचं बी. ही तुजी ओवाळनी. आता तुज्या तलावाला कंदी रोग लागाचा नाय."

"आणि तुम्ही सोडू दिलेत?"

"मंग काय करू?" चिमीचा आवाज चढला. "दसरा गेला, तोंड बगितलं नव्हतं त्याचं. भाऊ दारात आयलेला, हातानं मासे सोडतोय, रडतोय. त्याला काय सांगू, पाय ब्लिचिंगमदी बुडव नि ओवाळनी परत ने?"

सुनंदाला संताप आला. चिमीचा आला, हरिचंद्राचा आला, भाताच्या लोंबीचाही आला. एवढं सगळं पाळलं आणि शेवटी काय, भाऊबीज! पण संतापायलाही अंगात जोर लागतो. ती चिमीच्या शेजारी बांधावर बसली. साथीतून उठलेला मासा दिसायला ठणठणीत असतो, खातो-पितो, पण रोग अंगात बाळगून असतो आणि पाण्यातल्या नव्या पिल्लांना देतो, हे तिनं चिमीला समजावलं. लोंबीची गोष्ट वेगळी, याची वेगळी. चिमीनं नीट ऐकून घेतलं. ऐकताना तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हंजी दादूसनी आनला."

"हो."

"जीव लावून आनला."

"हो, चिमीताई."

दुसऱ्या दिवशी इरानं प्रयोगशाळेतून फोन केला. "मॅडम, सॉरी," एवढंच ती म्हणाली. सुनंदानं तिला पुढचं बोलूच दिलं नाही. आता उपाय एकच होता. तळ्यातले सगळे मासे, जगलेलेसुद्धा, काढायचे, खड्ड्यात चुना घालून पुरायचे, पाण्यात ब्लिचिंग मारायचं आणि तळं उन्हात तडे जाईपर्यंत सुकवायचं. भाऊबीजेनंतर बाहेर गेलेल्या बोटुकल्यांचा माग काढायचा तो वेगळाच.

हे सांगायला सुनंदा परत कोंडपाड्याला गेली. चिमी भांडेल, रडेल, पदर पसरून थोडे तरी ठेवा म्हणेल, याची तयारी करून गेली. चिमीनं यातलं काहीच केलं नाही. जेसीबीवाल्याला खड्ड्याचं सांगते म्हणाली. मग तिनं सुनंदाचा हात धरला.

"माजं एक ऐका. दादूसला सांगू नका."

"चिमीताई…"

"कायबी सांगा. पान्यातनं आला सांगा, पाखरानी आनला सांगा. तुमी सांगाल ते त्याला पटंल. बाई, मासे परत व्हतील. पन आपल्या हातानं बहिनीचं घर बुडवलं, ह्ये त्याला कळलं तर तो परत या दारात पाय ठेवाचा नाय. मी वलखते त्याला. पयल्या टायमाला तुमचं ऐकलं ना मी? आता तुमी माजं ऐका."

पहिल्या वेळी हिनं ऐकलं होतं आणि भाऊ घालवला होता. सुनंदाच्या डोक्यात नियम होते, पण त्या नियमांचा तिला त्या घडीला मनापासून वीट आला होता. एक खोटं. एका म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी. त्यानं कुणाचं काय बिघडणार आहे?

"पाणकावळा म्हणू," ती म्हणाली.

चिमीनं तिचा हात कपाळाला लावला.

मासे काढायच्या दिवशी हरिचंद्र सगळ्यांच्या आधी हजर. टेम्पो रस्त्याला लावला, बनियनवर तळ्याकाठी येऊन उभा राहिला, आणि बहिणीला मोठ्यानं म्हणाला, "मी आयलो बग. माज्या टायमाला तू नाय आयलीस. जाऊ दे. पन मी आयलो!" चिमी हसली. एवढ्या सगळ्यात ती खरंच आनंदानं हसली. सुनंदानं त्याला अडवलं नाही. मेलेल्या तळ्यात आता कुणी उतरलं तरी काय, परत जाताना पाय धुववून घेऊ म्हणजे झालं.

साठी उलटलेला तो माणूस चिखलात कमरेएवढा उभा राहून जाळं ओढत होता. बोटुकल्यांचे ढीग निघत होते, अर्धे अजून तडफडणारे. चिमी टोपल्या भरून खड्ड्याशी नेत होती, आणि पोरं वाढवावीत तशी वाढवलेली ती पिल्लं चुन्यावर ओतत होती. तिनं एकदाही नाक-डोळे पुसले नाहीत. मधेच जाळ्यात ते मोठे मासे आले. हरिचंद्रानं एक उचलून धरला. "बगा, हे नाय मेले! बोल्लो नव्हतो?" चिमीनं तो त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि टोपलीत टाकला.

"काय वो बाई," त्यानं सुनंदाला विचारलं, "एवडं सोवळं पाळत व्हती ही. मंग आयला कुटनं रोग?"

"पाणकावळ्यानं आणला असेल," सुनंदा म्हणाली. "एका तळ्यातला मासा धरतो, दुसऱ्यात टाकतो."

हरिचंद्रानं पाणकावळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तळ्यावर जाळी घालून देतो म्हणाला, पुढच्या हंगामाला फटाके आणून ठेवतो म्हणाला, आणि पुन्हा जाळ्याला लागला. चिमीनं सुनंदाकडे बघून डोळे मिटले. सुनंदाला ते बघवेना.

ऊन डोक्यावर आलं तसं तळं रिकामं झालं. हरिचंद्र वर आला, पिंपातल्या ब्लिचिंगच्या पाण्यानं त्यानं हात-पाय खळबळले.

"चला, मी निगतो. वांगणीला जायाचंय, जिज्ञासाकडं."

जिज्ञासा त्याची मुलगी, दोन वर्षांखाली वांगणीला दिलेली.

"जेवून जा की," चिमी म्हणाली.

"नाय गो, टाकीतल्यांना ऊन लागंल. जिज्ञासाच्या सासऱ्यानी नवीन तलाव खोदलाय. म्हटलं, बहिनीला दिले, आता पोरीला नको द्यायाला? माज्याकडं उरलेले समदे वाघ भरून घेतलेत."

सुनंदानं टेम्पोकडे पाहिलं. मागच्या बाजूला निळी टाकी होती, तिच्यावर ओलं गोणपाट टाकलेलं.

"हरिचंद्रदादा," ती म्हणाली, "आज नका नेऊ. आधी मी तपासते."

"काय तपासाचं त्यात? ठनठनीत हायत."

"साथ चालू आहे. या दिवसांत एका तळ्यातला मासा दुसऱ्यात न्यायचा नसतो."

"न्यायाचा नसतो!" तो हसला. "पानकावळा नेतो ते चालतं? बाई, हितला रोग पाखरानी आनला, तुमीच सांगतलं. मंग माज्या माशांचा नि त्याचा काय संबंध?"

काही संबंध नव्हता. तिनंच तो तोडून टाकला होता. हरिचंद्र टेम्पोकडे चालायला लागला. तो एकदा वांगणीच्या रस्त्याला लागला की जिज्ञासाचं तळं गेलं, मग तिच्या दिरांचं, मग त्यांच्या पाव्हण्यांचं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. सुनंदानं चिमीकडे पाहिलं. चिमीला कळलं होतं. ती मान हलवत होती, नको, नको. तिचे हात चुन्यानं पांढरे झाले होते, ते तिनं जोडले.

"दादा, थांबा," सुनंदा म्हणाली. "पाणकावळ्यानं नाही आणला."

तो वळला.

"मंग?"

"तुमच्या माशांनी आणला. भाऊबीजेच्या. ते वाचले खरे, पण रोग त्यांच्या अंगात आहे अजून. ते ज्या तळ्यात जातील ते तळं मरणार. टाकीतलेही तसलेच आहेत."

हरिचंद्रानं खड्ड्याकडे पाहिलं, मग तळ्याकडे, जणू कुणी हिशेब सांगावा म्हणून वाट बघतोय. मग बहिणीकडे.

"तुना ठावं व्हतं?"

चिमी हातांचा चुना पदराला पुसायला लागली.

"सकालधरनं ठावं व्हतं? मी हितं पाखरांना शिव्या घालतो, नि तुमी दोगी ऐकता?"

"दादूस, तू जीव लावून…"

"गप," तो म्हणाला. ओरडला नाही, थकल्यासारखा म्हणाला.

तो टेम्पोत चढला. टाकी एकट्यानं उतरवणं कुणालाच जमलं नसतं, पण त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. बादली बादली करून त्यानं ते सगळे मासे खड्ड्याशी नेले आणि चुन्यात ओतले. चांगले पोसलेले मासे होते, बराच वेळ उड्या मारत होते. साथीत त्याच्याकडे जिवंत म्हणून राहिलेलं तेवढंच होतं. शेवटची बादली ओतून झाल्यावर त्यानं ती बादलीही खड्ड्यात टाकली.

"ही टाकी धुवायला काय लागंल?" त्यानं सुनंदाला विचारलं.

"ब्लिचिंग. मी देते."

"नको. आनीन मी." आणि बहिणीकडे न बघता तो टेम्पोत बसला. चिमी रस्त्यापर्यंत धावली. टेम्पो थांबला नाही, वांगणीकडेही गेला नाही, वरच्या पाड्याला वळला.

चिमी परत आली. खड्ड्यातलं हलणं आता थांबलं होतं. सुनंदानं आपली पेटी उचलली, परत खाली ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं.

"चिमीताई, तळं सुकलं की मी स्वतः तपासलेली पिल्लं आणून देईन. पुढच्या हंगामाला पुन्हा भरेल सगळं."

"ते मना म्हायती हाय," चिमी म्हणाली. "दादूस कंदी येल, ते सांगा."

सुनंदानं पेटी पुन्हा उचलली.

"ते मला नाही सांगता येणार."

चिमीनं फावडं घेतलं आणि खड्ड्यावर माती ओढायला सुरुवात केली. सुनंदा मदतीला पुढं झाली, तशी तिनं हातानंच अडवलं.

"जिज्ञासाचं वाचवलात, बरं केलात," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी असती तर मीबी सांगतलं असतं. पन आता तुमी जावा, बाई."